आधी शिस्त, मग नेम

१८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी केली. युरोपियनांना मात्र सूट होती. सरकारचा प्रजेवर विश्वास नाही, हाच त्याचा अर्थ. १९२७ मध्ये नागपुरात मंचरशा आवारी या पारशी कार्यकर्त्याच्या पुढाकाराने हा कायदा उघडपणे मोडण्याचा सत्याग्रह झाला. ‘जनरल आवारी’ तुरुंगात गेले.

१९४८ मध्ये स्वतंत्र भारताने एनसीसीचा कायदा केला आणि शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या हाती रायफल दिली. त्यांना शिकवणारे कितीतरी शिक्षक नागपूरलगतच्या कामठीच्या अकादमीत तयार होतात.

रायफलचा पहिला धडा नेम धरण्याचा नसतो. बंदूक नेहमी भरलेलीच समजायची, नळी कुणाकडे रोखायची नाही, हुकूम होईपर्यंत बोट घोड्यापासून दूर ठेवायचे. गोळ्या झाडून झाल्या की रायफल रिकामी असल्याची तपासणी होते. चांदमारीवर हुकूम सगळ्यांना एकच असतो. तिथे आडनाव विचारून नियम बदलत नाहीत.

मुलामुलींना एनसीसीत पाठवायला आपल्यातले काही पालक कचरतात. ज्या विश्वासासाठी नागपूरकर तुरुंगात गेले, तो आता कायद्याने आपल्या मुलांच्याही वाट्याला आला आहे. त्यांचे नाव जरूर नोंदवा.