गुडघा नवा, दुखणं जुनं

झाशीहून कानपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की वाटेत मोठ नावाचं स्टेशन लागतं. तिथे उतरून रस्त्याने पुढे गेलं की समथर. अठराव्या शतकात, मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत दतियापासून वेगळं झालेलं आणि १८१७ मध्ये इंग्रजांशी तह करून टिकलेलं हे गुर्जर राजांचं छोटं संस्थान. इथल्या किल्ल्यावर एक स्वतंत्र भाग करायचाय, पण आजचा विषय तो नाही. आज मी आलोय मावशीकडे.

मावशीचं सासर झाशीचं. काका शिक्षक म्हणून समथरला आले आणि इथलेच झाले. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात तिचा उजवा गुडघा बदलला. जखम भरली, एक्स-रे चांगला आला, ऑपरेशन उत्तम झालं असं सांगितलं गेलं. दुखणं मात्र गेलं नाही. आता डावाही बदलून घ्या म्हणताहेत. मी आल्या आल्या ती म्हणाली, “अरे, तू लोकांना इतिहास सांगतोस ना? मग मला सांग, सगळं नीट झालं तर दुखतं कशाला? आणि दुसराही करू का?”

प्रश्न डॉक्टरांचा आहे, पण त्याला इतिहासही आहे.

१८९० मध्ये बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीस ग्लुक या शल्यविशारदाने हस्तिदंताचा गुडघा बसवला. रुग्णांना सांध्याचा क्षय होता. संसर्ग उलटला आणि खुद्द ग्लुकनेच पुढे हा मार्ग सोडायला सांगितलं. मग १९५० च्या दशकात दाराच्या बिजागरीसारखे धातूचे सांधे आले. ते ढिले व्हायचे, कारण गुडघा नुसता वाकत नाही, थोडा फिरतो आणि घसरतोही. आज आपण ज्याला नी-रिप्लेसमेंट म्हणतो त्याचा साचा १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये घडला. तो घडवणाऱ्यांत जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्याबरोबर डॉ. चित्तरंजन राणावत होते, इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले. याच राणावतांनी ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा बदलला आणि जून २००१ मध्ये उजवा. ग्वाल्हेरचा पंतप्रधान, इंदूरला शिकलेला सर्जन. आमच्या या भागात तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी गुडघाच होता. मावशीनेही हे ऑपरेशन पहिल्यांदा तेव्हाच ऐकलं.

आता खरी गोष्ट. इतकी वर्षं ऑपरेशन यशस्वी झालं हे ठरवायचं कोणी? मुख्यतः सर्जननीच. सांधा किती वर्षं टिकला, किती अंश वाकला, एक्स-रेत सरळ दिसतो का. १९८९ मध्ये अमेरिकेत जी गुणपत्रिका रूढ झाली तीही डॉक्टरच भरत. १९९८ मध्ये ऑक्सफर्डमध्ये बारा प्रश्नांचा एक कागद तयार झाला, आणि तो रुग्णाने भरायचा होता. रात्री अंथरुणात दुखतं का? जिना उतरता येतो का? गुडघे टेकून बसून पुन्हा उठता येतं का? साधे प्रश्न, पण माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हेच. कारण विचारल्यावर उत्तरं आली.

त्याच वर्षी उत्तर ब्रिटनमधल्या दहा वेदना-चिकित्सालयांतल्या ५,१३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनाट दुखणं घेऊन आलेल्यांपैकी २२.५ टक्क्यांच्या दुखण्यामागे शस्त्रक्रिया होती. २०१२ मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी जगभरचे अभ्यास एकत्र तपासले. गुडघा बदलल्यानंतर बराच काळ त्रासदायक दुखणं राहणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत १० ते ३४ टक्के होतं. म्हणजे बहुतेकांना आराम पडतो, हे आधी नीट ऐका. पण उरलेलेही थोडेथोडके नाहीत.

मग ते कोण? ऑपरेशनपूर्वी ज्यांचं दुखणं फार तीव्र होतं ते. गुडघ्याशिवाय कंबर, मान, खांदा अशी इतरत्रही दुखणी असलेले. चिंता किंवा उदासी असलेले, आणि दुखायला लागलं की ‘आता हे कधी थांबणारच नाही’ असं मनात घोळवणारे. ऑपरेशननंतरचे पहिले दिवस ज्यांना फार कळा आल्या ते. आणि एक गोष्ट ऐकून मी चकित झालो: दुखणं खूप, पण एक्स-रेत झीज थोडी, अशांनाही आराम कमी पडतो. तसा विचार केला तर सरळ आहे. झीज थोडी असेल तर दुखण्याचं मूळ कदाचित दुसरीकडे असेल. खुब्याचा सांधा झिजला तरी गुडघा दुखतो.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे दुखणं मनाचं. अजिबात नाही! १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवलं की इजा झाल्यावर पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंचीच संवेदनशीलता वाढते. वर्षानुवर्षं कळा सोसल्या की हलका स्पर्शही खुपू शकतो. गुडघ्याचं हाड बदलता येतं, ही वाढलेली जाणीव करवतीने कापता येत नाही. अर्थात दुखणं राहिलं तर आधी संसर्ग, सांधा ढिला होणं, चुकीच्या कोनात बसणं हे तपासावंच लागतं. ते न पाहता ‘तुमच्या मनाचे खेळ’ म्हणणं हा आळस आहे.

अपेक्षेचाही भाग आहे. २०१० मध्ये कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात जवळपास पाचातला एक रुग्ण असमाधानी निघाला, आणि त्यामागचं सगळ्यात ठळक कारण होतं पुरी न झालेली अपेक्षा. मावशीला वाटलं होतं, पाटावर मांडी घालून बसता येईल, महालक्ष्म्यांचा स्वयंपाक खाली बसून करता येईल. तसं होईल की नाही हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “कंबर तर माझी गुडघ्याच्या आधीपासून दुखते. आणि हे गेल्यापासून झोप कुठे आहे मला?” काकांना जाऊन चार वर्षं झाली. ऑपरेशनच्या आधी दोन वर्षं ती रात्र रात्र जागत होती, आणि हे तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

कॅलेंडरच्या जुन्या पानामागे तिने प्रश्न लिहून ठेवलेत. माझा खुबा तपासला का? डाव्या गुडघ्याची झीज किती? पहिल्या आठवड्यात दुखलं तर काय देणार? खाली बसता येईल का, हो की नाही? चौथ्या प्रश्नाखाली दोन रेघा आहेत. डाव्या गुडघ्याची तारीख तिने पुढे ढकलली आहे. मंगळवारी मोठहून गाडी धरून आम्ही झाशीला जातोय, कंबर आणि खुबा दाखवायला, आणि झोपेबद्दलही बोलायला.