झेवेल संशोधन गट

झेवेल संशोधन गट हा अमेरिकेतील पॅसाडीना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (कॅलटेक) या विद्यापीठात इ.स. १९७६ पासून कार्यरत असलेला रसायनशास्त्रज्ञांचा गट होता. ईजिप्तमध्ये जन्मलेले अहमद झेवेल (१९४६–२०१६) हे त्याचे प्रमुख होते. रेणूतील बंध तुटण्याची क्रिया घडत असतानाच लेसरच्या अत्यल्पकालीन स्पंदांनी मोजण्याचे तंत्र या गटाने विकसित केले. त्यातून फेम्टोरसायनशास्त्र ही शाखा उदयास आली. या कार्यासाठी १९९९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या झेवेल यांना देण्यात आले. मात्र ज्या प्रयोगांवर ते आधारलेले होते, त्यांच्या शोधनिबंधांवर विद्यार्थ्यांची आणि पीएच.डी.नंतर संशोधनासाठी आलेल्या सहकाऱ्यांचीही नावे आहेत.

सुरुवातीचे कार्य

झेवेल यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रॉबिन हॉकस्ट्रासर यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. मिळवली व बर्कली येथील काही काळाच्या संशोधनानंतर ते कॅलटेकमध्ये रुजू झाले. गटाचे पहिले महत्त्वाचे यश १९८१ मधील आहे. विल्यम लॅम्बर्ट व पीटर फेल्कर यांनी अँथ्रासीनचे अतिशीत, एकाकी रेणू पिकोसेकंद स्पंदांनी उद्दीपित केले, तेव्हा त्यांच्या प्रकाशाची तीव्रता सरळ घटत न जाता ठराविक लयीने कमीजास्त होताना आढळली. एवढ्या मोठ्या रेणूतही कंपनांमधील कलासंबद्धता टिकून राहते, हे त्यातून दिसले. पुढील सर्व कामाचा पाया हाच होता.

उपकरण

प्रयोगात दोन स्पंद वापरले जातात. पहिला (पंप) रेणूला उद्दीपित करून काळ मोजण्याचा शून्य क्षण ठरवतो. दुसरा (प्रोब) काही विलंबाने येऊन रेणूची त्या वेळची स्थिती तपासतो. इतका सूक्ष्म विलंब मोजू शकणारे इलेक्ट्रॉनिक घड्याळ नसल्याने तो अंतराने ठरवला जातो. प्रकाश एका फेम्टोसेकंदात (एका सेकंदाचा एक अब्जांश भाग, त्याचाही दहा लाखावा भाग) सुमारे ०.३ मायक्रोमीटर अंतर कापतो. म्हणून सरकत्या आरशाने एका स्पंदाचा मार्ग तेवढा लांबवला की विलंब एका फेम्टोसेकंदाने वाढतो. मार्ग ०.३ मिलिमीटरने वाढवल्यास विलंब एक पिकोसेकंद होतो.

नॉर्बर्ट शेरर, जोसेफ नी व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये सायनोजन आयोडाइडच्या विघटनाचा अभ्यास केला होता. परंतु त्या वेळचे स्पंद बंध तुटण्याच्या मधल्या अवस्था वेगळ्या दाखवण्याइतके आखूड नव्हते. नंतर बेल प्रयोगशाळेत विकसित झालेल्या पद्धतीचा रंजक लेसर कॅलटेकमध्ये उभारण्यात आला. कॉर्नेल विद्यापीठातून आलेले मार्क रॉस्कर यांचा अशा लेसरांचा अनुभव तेथे कामी आला. या प्रयोगशाळांना गटात ‘फेम्टोलँड’ म्हटले जाई.

प्रमुख प्रयोग

१९८७ मध्ये मार्कोस डँटस (तेव्हा विद्यार्थी), रॉस्कर व झेवेल यांनी सायनोजन आयोडाइडचा प्रयोग फेम्टोसेकंद स्पंदांनी पुन्हा केला. आयोडीन व सायनाइड गट यांच्यातील बंध तुटण्यास सुमारे २०० फेम्टोसेकंद लागतात, हे त्यातून निश्चित झाले. अभिकारक व उत्पादित यांच्यामधील संक्रमण अवस्थेचा तोवर केवळ अप्रत्यक्ष अंदाज बांधला जात असे.

तरीही एक गंभीर आक्षेप उरला होता. अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार स्पंद जितका आखूड, तितकी त्याची ऊर्जा अधिक पसरट. मग अशा स्पंदातून रेणूविषयी उपयुक्त माहिती मिळणार तरी कशी, असा प्रश्न विचारला जाई. त्याचे सर्वांत ठोस उत्तर १९८८ मध्ये टॉड रोझ, रॉस्कर व झेवेल यांच्या सोडियम आयोडाइडवरील प्रयोगाने दिले. ज्या मिठाच्या बाष्पापासून फारशी कुणी अपेक्षा ठेवली नसती, त्यानेच हा प्रश्न निकालात काढला.

या रेणूची मूळ अवस्था आयनिक असते. पंप स्पंद त्याला सहसंयुजी अवस्थेत नेतो आणि दोन्ही अणू एकमेकांपासून दूर जाऊ लागतात. अंतर ६.९३ अँगस्ट्रॉम झाले की दोन अवस्थांच्या ऊर्जा जुळतात. तेथे सोडियमचा इलेक्ट्रॉन आयोडीनकडे जाऊ शकतो; तसे झाल्यास विरुद्ध भारांच्या आकर्षणाने अणू परत ओढले जातात. ही ये-जा सुमारे १.२५ पिकोसेकंदांत पूर्ण होते. प्रत्येक फेरीत साधारण एक दशांश रेणू मात्र या बिंदूवर निसटून कायमचे विलग होतात. प्रोब स्पंद मुक्त सोडियमच्या पिवळ्या वर्णरेषेशी जुळवला असता संकेत पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेला. त्या रेषेपासून दूर जुळवला असता तो लाटांप्रमाणे वरखाली होत राहिला. स्पंदाची ऊर्जा पसरट असली तरी सर्व रेणू एकाच क्षणी एकाच टप्प्यावरून निघतात आणि त्यांची गती एकत्रितपणे पाहता येते, हे यावरून स्पष्ट झाले.

विस्तार

१९९० च्या दशकात गट केवळ प्रकाशावर अवलंबून राहिला नाही. चार्ल्स विल्यमसन, डँटस व नंतर ह्योचोल ई यांच्या सहभागातून अतिजलद इलेक्ट्रॉन विवर्तनाचे तंत्र आकाराला आले. १९९७ मध्ये डायआयोडोमिथेनच्या संरचनेतील क्षणिक बदल त्याने मोजण्यात आले. पुढे हीच दिशा चतुर्मितीय इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाकडे गेली. प्रथिनांच्या पृष्ठभागालगतच्या पाण्याच्या हालचालींवर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात समीर कुमार पाल सहभागी होते. ते नंतर कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रात रुजू झाले.

माजी सदस्यांपैकी फेल्कर लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात, शेरर शिकागो विद्यापीठात, तर डँटस मिशिगन राज्य विद्यापीठात प्राध्यापक झाले. झेवेल यांचे २ ऑगस्ट २०१६ रोजी निधन झाले.