छोट्या विमानाचा प्रोपेलर: फिक्स्ड पिच की कॉन्स्टंट स्पीड?

कळमनुरीहून नांदेडकडे निघालात की बाईक जागेवरून उचलायला पहिला गिअर लागतो आणि रस्ता मोकळा मिळाला की टॉप. छोट्या पिस्टन इंजिनच्या विमानात गिअरचं हे काम प्रोपेलरच्या पात्यांचा कोन करतो.

पिच म्हणजे काय?
स्क्रू एका फेऱ्यात लाकडात जसा ठरावीक अंतर शिरतो, तसा प्रोपेलर हवेत पुढे सरकतो. हिशेबातलं हे अंतर म्हणजे पिच. सेसना 172 एस या चार सीटच्या विमानाच्या प्रोपेलरचा व्यास 76 इंच आणि पिच 60 इंच असते. मिनिटाला 2700 फेरे झाले, तर पात्याचं टोक ताशी सुमारे 980 किमी वेगाने फिरतं! आवाजाचा वेग ताशी साधारण 1225 किमी. टोक त्याच्या जवळ गेलं की गोंगाट वाढतो आणि ओढ घटते. म्हणून प्रोपेलर कितीही मोठा करून चालत नाही.

1. फिक्स्ड पिच
कोन कायमचा ठरलेला, म्हणजे एकच गिअर. वजनाला हलका, स्वस्त, देखभाल कमी. म्हणूनच शिकाऊ विमानांवर तो जास्त दिसतो. कमी पिच घेतली तर विमान लवकर उचलतं, पण पुढे वेग कमी मिळतो. जास्त पिच घेतली तर उलट.

2. ग्राउंड अॅडजस्टेबल
कोन बदलता येतो, पण विमान जमिनीवर उभं असताना, पाना घेऊन. हलक्या मायक्रोलाइट विमानांवर हा दिसतो.

3. कॉन्स्टंट स्पीड
पायलट फेरे ठरवतो. मग गव्हर्नर नावाचा भाग तेलाच्या दाबाने पात्यांचा कोन आपोआप बदलत राहतो. टेकऑफला आणि लांबच्या प्रवासाला, दोन्हीकडे फायदा. पण किंमत, वजन आणि ठरावीक मुदतीने ओव्हरहॉलचा खर्च वाढतो.

4. फेदरिंग
गोंदियाच्या बिरसी विमानतळावर ट्रेनिंगसाठी वापरलेल्या डायमंड डीए 42 सारख्या दोन इंजिनांच्या विमानात ही सोय असते. एक इंजिन बंद पडलं की त्याची पाती धारेने वाऱ्याला तोंड देतात. हवेचा अडथळा कमी होतो आणि दुसऱ्या इंजिनावर विमान सांभाळणं सोपं जातं.

मग निवडायचं कोणतं?
रनवे किती लांब, वजन किती, जायचं किती दूर, यावर ते ठरतं. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या दुपारी हवा विरळ होते. इंजिनाची ताकद आणि पात्यांची पकड दोन्ही घटतात, रनवे जास्त लागतो. अशा वेळी जास्त पिचचा फिक्स्ड प्रोपेलर आखूड रनवेवर महागात पडू शकतो. तिथे कमी पिच किंवा कॉन्स्टंट स्पीड बरा.

ओळखायचं कसं?
कॉकपिटचा व्हिडिओ पॉज करून बघा. काळ्या थ्रॉटल आणि लाल मिक्श्चरच्या मध्ये निळा दांडा किंवा नॉब दिसला, तर प्रोपेलर बहुतेक कॉन्स्टंट स्पीडचा. फक्त काळा आणि लाल असेल, तर बहुतेक फिक्स्ड. काही नव्या विमानांत मात्र कॉम्प्युटरच सगळं सांभाळतो आणि इंजिनामागे एकच दांडा असतो.

आणि एक लक्षात ठेवा. प्रोपेलर थांबलेला असला तरी सेल्फीसाठी त्याला हात लावू नका. मॅग्नेटो चालू राहिला असेल, तर नुसतं पातं फिरवल्यानेही इंजिन सुरू होऊ शकतं, त्याला बॅटरी लागत नाही.