लेखकाची मान

जुन्या हस्तलिखितांच्या अखेरच्या पानावर ग्रंथ संपल्याची नोंद असते, शक, तिथी, वार असतो, लिहिणाऱ्याचे नाव असते. आणि पुष्कळदा त्यांच्या शेजारी एक संस्कृत श्लोक असतो. पाठ, कंबर आणि मान मोडून गेली आहे, मूठ आवळलेली आहे, तोंड खाली आहे. इतक्या कष्टाने हा ग्रंथ लिहिला आहे, तरी तो जपावा, असा त्याचा आशय. कुठे आवळलेल्या मुठीच्या जागी ताठरलेली दृष्टी येते. श्लोक कुणा एकाचा नाही. नकलकारांनी तो एकमेकांपासून उचलला, कित्येकदा अशुद्ध लिहिला, आणि तरीही सोडला नाही. पाठनिश्चितीच्या कामी त्याचा उपयोग नसतो. म्हणून आपण त्यावरून नजर फिरवतो आणि पोथी बांधून ठेवतो.

आम्हीही तेच करीत आलो. गेल्या वर्षी आमच्यापैकी तिघांना थोड्याफार अंतराने मानेच्या दुखण्याने गाठले. एकाचा प्रबंध लॅपटॉपवर चालला होता, दुसऱ्या मैत्रिणीने अर्धाअधिक लेख लोकलच्या प्रवासात मोबाइलवर लिहिला होता, तिसरा परीक्षेचे पेपर पडद्यावर तपासत होता. डॉक्टरांनी औषधाआधी एकच विचारले, “लिहिता कसे ते बसून दाखवा.” बसून दाखवताना पोथीतला तो अधोमुख गृहस्थ आम्हांस प्रथमच ओळखीचा वाटला.

‘लेखक’ या शब्दापासूनच आरंभ करावा लागेल. आज आपण ज्याला लेखक म्हणतो त्याला जुन्या व्यवहारात कवी, ग्रंथकार, टीकाकार म्हणत; लेखक तो, जो प्रत्यक्ष लिही. ज्ञानेश्वरीच्या शेवटी टीका ज्ञानेश्वरांनी केली आणि सच्चिदानंदबाबा तिचे ‘लेखकु’ झाले अशी नोंद आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. या नोंदीतले श्रमविभाजन आपण फारसे लक्षात घेत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याने शरीर, मस्तक आणि मान एका रेषेत, अचल ठेवावी असे सांगितले आहे, आणि ज्ञानेश्वरांनी त्या आसनाचे वर्णन विस्ताराने केले आहे. ते वर्णन उतरवून घेताना लिहिणाऱ्याची मान मात्र एका रेषेत असणे शक्य नव्हते. ती कागदाकडे वाकलेली असणार. व्यास सांगतो आणि गणपती लिहितो या कथेपासून तुकोबांचे अभंग संताजी जगनाडे यांनी लिहून ठेवल्याच्या परंपरेपर्यंत रचणारा एक आणि वाकणारा दुसरा ही जोडी आपल्याकडे दिसते.

वाकणाऱ्याचा विचार कुणीच केला नाही असे नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. वाटोळे, सुटे, ठसठशीत अक्षर, सरळ ओळी, सोडलेला समास, कागद आणि टाक यांची सिद्धता अशा गोष्टी रामदास बारकाईने सांगतात. त्यांत एक सूचना आम्हांला फार मोलाची वाटते: तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, मध्यम अक्षर काढावे. सूचना डोळ्यांबद्दलची आहे हे खरे. पण बारीक अक्षर पाहायला डोळा जवळ न्यावा लागतो, आणि डोळा जवळ न्यायचा तर मान न्यावी लागते. मोबाइलच्या पडद्यावर दोन बोटांनी अक्षर मोठे करताना आम्हांला हा समास अनेकदा आठवतो.

पेशव्यांच्या दफ्तरातला कारकून मांडी घालून, कागद गुडघ्यावर नाहीतर पुढ्यातल्या उतरत्या पेटीवर धरून लिही. मोडी लिपी त्याच्या घाईला सोयीची होती. आधी आडवी रेघ ओढायची आणि शक्य तोवर हात न उचलता अक्षरे जोडत जायचे. हात उचलायचा नाही, पण थांबावे मात्र वारंवार लागे. बोरू दौतीत बुडवायचा, टोक बोथटले की तासायचे, शाई ओली असेल तर वाळू टाकायची, कागद उलटायचा. या थांबण्यात मान वर होत असेल. वेळेचा अपव्यय म्हणून पुढच्या प्रत्येक साधनाने ही थांबणी एकेक करून काढून टाकली; आजच्या यंत्राने तर ओळ संपल्याची खूणही ठेवली नाही.

तक्रार एकट्या भारतीय लेखकाची नाही. स्पेनमधील फ्लोरेन्टियस या मठवासी नकलकाराने इसवी सन ९४५ मध्ये पूर्ण केलेल्या प्रतीत लिहिण्याचे क्लेश सांगितले आहेत: डोळे मंदावतात, पाठ वाकते, बरगड्या पोटात रुततात. पुढे तोही वाचकाला विनवतो की पाने हळू उलटा, बोटे अक्षरांपासून दूर ठेवा. एकमेकांची वार्ताही नसलेल्या दोन परंपरांत शरीराची तक्रार आणि ग्रंथ जपण्याची विनंती अशी सलग यावी, याचे आम्हांला नवल वाटते. दोघांनाही स्वतःचा देह वाचकापुढे तारण ठेवायचा होता, असे फार तर म्हणता येईल.

वैद्यकाने या तक्रारीकडे उशिरा पाहिले. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याचा व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथ १७०० साली निघाला. लेखनिक आणि नोटरी यांच्यावरचे प्रकरण १७१३ च्या वाढीव आवृत्तीत आले. लेखनिकांच्या रोगांची त्याने तीन कारणे दिली: सततचे बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. उजवा हात निकामी झाल्यावर डाव्याने लिहायला शिकलेल्या आणि मग डावाही गमावलेल्या नोटरीची हकिकत त्याने नोंदवली आहे. तिसरे कारण त्याने वगळले नाही, हा त्याचा मोठेपणा. आज खुर्चीची उंची मोजली जाते, मुदतीची भीती कुणी मोजत नाही.

टंकलेखनयंत्राने एक उपकार केला होता. टायपिंगच्या वर्गात पाठ ताठ ठेवायला आणि कळांकडे न पाहता मूळ मजकुराकडे पाहायला शिकवत. टेबलावरच्या संगणकातही पडदा वेगळा, कळफलक वेगळा. दोघांना आपापल्या जागी ठेवता येई. १९८२ च्या ग्रिड कंपासपासून शिंपल्यासारखा मिटणारा संगणक आला आणि ही फारकत मिटली. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात खांद्यापाशी येतात; हात कोपराच्या उंचीवर ठेवावेत तर मान खाली जाते. चूक बसणाऱ्याची कमी आणि बिजागरीची अधिक आहे. मोबाइलमध्ये तर कळफलक पडद्यातच शिरला.

२०१४ साली केनेथ हान्सराज या अमेरिकी शल्यविशारदाने संगणकीय प्रतिमानावरून काही आकडे मांडले. ताठ मानेवर डोक्याचा भार साधारण साडेचार ते साडेपाच किलो. मान साठ अंश वाकली की तो सुमारे सत्तावीस किलोंइतका होतो. हे आकडे जगभर गाजले, भिंतींवर लागले. पण तो हिशेब होता, दुखणाऱ्या माणसांची पाहणी नव्हती. २०१८ साली रिओ दि जानेरो येथील अठरा ते एकवीस वर्षांच्या १५० तरुणांच्या पाहणीत मोबाइल पाहतानाची वाकलेली मान आणि मानेचे दुखणे यांचा संबंध आढळला नाही. दीडशे तरुणांवरून पन्नाशीच्या प्राध्यापकांबद्दल निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. तरीही वाकणे हाच रोग मानणे घाईचे आहे, इतके त्यावरून कळते. एकाच स्थितीत फार वेळ राहू नये हा सल्ला अनेक डॉक्टर आता देतात. रामाझिनीचे पहिले कारण आठवावे.

आमच्यापुरता फरक आणखी एका ठिकाणी पडला आहे. सांगणारा आणि लिहिणारा यांची जोडी आता एकाच देहात आली. प्रबंध रचायचा आपणच, टंकायचा आपणच, मुद्रिते आपणच तपासायची. छापील पुस्तकाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शक, ग्रंथपाल, कुटुंबीय यांचे आभार असतात. मोडलेल्या मानेचा उल्लेख आमच्या पाहण्यात नाही. नकलकाराला निदान शेवटच्या पानावर दोन ओळींची जागा होती.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही वेगळा कळफलक आणला आहे. लॅपटॉप ‘महाराष्ट्र शब्दकोशा’च्या दोन जाडजूड खंडांवर ठेवला की पडदा बरोबर डोळ्यांच्या पातळीवर येतो. एखादा शब्द पाहायचा झाला की मात्र यंत्र उतरवावे लागते, खालचा खंड काढून मांडीवर घ्यावा लागतो. आणि कोशाचे अक्षर बारीक आहे.