युद्धकालीन लढाऊ विमानांच्या लघुप्रतिकृती
प्रत्यक्ष विमानाची मापे, रंग व खुणा ठरावीक प्रमाणात उतरवणारी स्थिर प्रतिकृती. 1/72 हे प्रमाण सर्वाधिक रूढ असून त्यात सहा फूट म्हणजे एक इंच. साहजिकच 11.23 मीटर पंखविस्ताराचे ब्रिटिश लढाऊ विमान ‘स्पिटफायर’ सुमारे 15.6 सेंटिमीटरचे होते. ब्रिटनमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ने 1936 मध्ये सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे संच विकायला काढले, 1953 च्या ‘एअरफिक्स’ स्पिटफायरने हा छंद घराघरांत नेला.

सुटे भाग चिकटवणे हे यातले सोपे काम. खरा कस लागतो तो इतिहासाचा. ‘स्पिटफायर’ एवढे सांगून भागत नाही; कोणते विमान, कोणत्या तुकडीचे, कोणत्या महिन्यातले, हे आधी ठरवावे लागते. जून 1940 पूर्वी त्याची पोटाकडची बाजू अर्धी काळी, अर्धी पांढरी असे. नंतर फिकट हिरवट ‘स्काय’ रंग आला. ब्रह्मदेश आघाडीवर जपानी लाल वर्तुळाशी गोंधळ होऊ नये म्हणून ब्रिटिश व भारतीय विमानांवरील ओळखवर्तुळातला लाल रंग काढून टाकला होता. कृष्णधवल छायाचित्रेही दगा देतात : लाल रंग न टिपणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर पिवळा रंग काळपट दिसतो.

प्रतिकृतींवर पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषाही अनेकदा फार खोल व रुंद कोरल्या जातात. 1/72 मध्ये एक मिलिमीटरची रेघ म्हणजे मूळ विमानावर 7.2 सेंटिमीटरची फट. असे विमान उडाले असते का, हा प्रश्नच आहे.