लहान मूर्तींची वस्त्रे: कापड, माती आणि पॉलिमर क्ले

प्रस्तावना

वीतभर उंचीच्या मूर्तीला खरे वाटतील असे कपडे कसे द्यायचे? हा प्रश्न वरवर हस्तकलेचा वाटतो. पण गेल्या दीडशे वर्षांत भारतात त्याची जी उत्तरे दिली गेली, त्यांत माणसांकडे पाहण्याची एक रीतही दडलेली आहे. या टिपणात आपण वस्त्र दाखवण्याच्या दोन पद्धती पाहू आणि मग हा वेश नेमके काय सांगत होता, याचा विचार करू.

१. खरे कापड: दिल्लीतील बाहुल्या

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेला पहाडगंज आहे. दिल्लीत येणाऱ्या मराठी माणसांना तो बृहन्महाराष्ट्र भवनामुळे परिचित असतो. तिथून फार दूर नाही अशा बहादूरशाह जफर मार्गावर शंकर्स आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय आहे. व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लई यांच्या संग्रहातून ते १९६५ साली उभे राहिले. देशोदेशींच्या बाहुल्यांबरोबर तिथे भारतातील विविध प्रांतांच्या वेशातील बाहुल्याही आहेत. वेशभूषेच्या अशा बाहुल्यांना सहसा खरे कापड नेसवलेले असते.

या पद्धतीची अडचण गणिताने समजते. माणसाच्या एक-बारांश आकाराची मूर्ती घेऊ. नऊवारी लुगडे सुमारे ८.२ मीटर लांब; या प्रमाणात ते ६८ सेंटिमीटर होईल. लांबी कापून कमी करता येते, जाडी मात्र करता येत नाही. पाव मिलिमीटर जाडीचे सुती कापड या मूर्तीवर ३ मिलिमीटर जाडीच्या घोंगडीसारखे दिसते. शिवाय लहान तुकड्याला वजन नसते, त्यामुळे निऱ्या खाली पडत नाहीत, फुगून उभ्या राहतात. रंग आणि पोत खरे असूनही पेहराव खोटा वाटतो तो यामुळे.

२. घडवलेले वस्त्र: कृष्णनगर ते भायखळा

हा वाद जुना आहे. बंगालमधील कृष्णनगरचे मूर्तिकार १८५१ च्या लंडन प्रदर्शनापर्यंत पोहोचले होते. त्यांच्या काही मूर्तींना खरे कापड आणि खरे केस लावलेले असत. त्यामुळे शिल्पाचे खेळणे होते, अशी टीका एकोणिसाव्या शतकातील प्रदर्शनविषयक लिखाणात आढळते. दुसरी पद्धत म्हणजे वस्त्र मातीतच घडवून रंगवणे. त्या काळी पुणेही रंगवलेल्या मातीच्या मूर्तींसाठी ओळखले जाई. आजही शाडूच्या गणपतीचा पीतांबर मातीतच घडतो. अलीकडे मात्र मूर्तीला खरे धोतर नेसवण्याची आणि खरा फेटा बांधण्याची हौस वाढली आहे. म्हणजे दोन्ही पद्धती अजून शेजारी शेजारी नांदत आहेत.

मुंबईत भायखळ्याचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. आज ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी सर जे. जे. कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स त्याचे अभिरक्षक होते. या संग्रहालयात मुंबई परिसरातील समाज आणि व्यवसाय दाखवणाऱ्या लहान मातीच्या मूर्तींचा मोठा संग्रह आहे.

३. पॉलिमर क्ले

पॉलिमर क्ले ही खरे तर माती नव्हे. पीव्हीसी हे प्लास्टिक आणि त्याला मऊ ठेवणारी द्रव्ये यांचे ते मिश्रण आहे. हवेत ते वाळत नाही. साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला भाजले की कडक होते. जर्मनीतील बाहुलीकार केटे क्रूझ यांची कन्या फिफी हिने असे द्रव्य विकसित केले. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने ते घेतले आणि ‘फिमो’ या नावाने ते प्रसिद्ध झाले.

कारागीर हे द्रव्य पोळीसारखे पातळ लाटतो, त्यावर मलमल दाबून विणीचा ठसा उठवतो आणि तो पापुद्रा मूर्तीवर पांघरतो. पापुद्राही प्रमाणाच्या मानाने जाडच असतो. पण त्याच्या कडा दाबून पातळ करता येतात आणि न दिसणारे थर गाळता येतात. चुण्या कुठे पडतात, हे ताण ठरवतो: खांदा, कोपर, कंबर, गुडघा. काष्टा मागे खोचला की मांडीवरच्या चुण्या तिरप्या ओढल्या जातात. तेवढे अचूक दाखवले, की पाहणाऱ्याचा डोळा उरलेले लुगडे स्वतः पुरे करतो.

४. वेश म्हणजे ओळख?

इथे इतिहासाचा प्रश्न येतो. १८६८ ते १८७५ दरम्यान ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ छायाचित्र-खंड निघाले. १८८१ पासून देशभर एकाच वेळी जनगणना होऊ लागली. माणसांची जात आणि धंद्यानुसार वर्गवारी करण्याच्या या काळात पगडी आणि लुगडे हे समाजाच्या नावाचे लेबल बनले. मातीच्या मूर्तींनी ते लेबल हातात धरता येईल असे केले. एक मूर्ती म्हणजे एक समाज, आणि त्याचा एकच ‘योग्य’ पोशाख.

प्रत्यक्षात त्याच मुंबईत गिरण्या उभ्या राहत होत्या, गिरणीचे स्वस्त कापड घरोघरी पोहोचत होते आणि पेहराव बदलत होते. कामाला जाणारी बाई आणि लग्नाला जाणारी तीच बाई सारखे लुगडे नेसत नसे. वर्गवारीच्या मूर्तीत या बदलाला जागा नव्हती. म्हणून अशा मूर्ती पाहताना चुण्यांच्या अचूकपणावर भाळून ‘लोक असेच राहत’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. त्या मूर्ती पेहरावाविषयी जेवढे सांगतात, तेवढेच त्या घडवून घेणाऱ्यांविषयीही सांगतात.

समारोप

खरे कापड पोत देते, घडवलेले वस्त्र ताण आणि वजन देते. पण मूर्तीतले माणूस दिसते ते वापराच्या खुणांतून: विरलेली किनार, गुडघ्यावर आलेला फुगा, कामासाठी वर खोचलेला ओचा. आज पॉलिमर क्लेमध्ये काम करणाऱ्याला या खुणा सहज उठवता येतात. त्या उठवायच्या की कोरा करकरीत ‘प्रातिनिधिक’ वेश द्यायचा, ही निवड त्याची आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या मूर्तिकाराला ती बहुधा ग्राहकानेच करून दिलेली असे.

विचारार्थ प्रश्न

१. लहान मूर्तीवर खरे कापड खोटे का वाटते?
२. वर्गवारीसाठी घडवलेली मूर्ती इतिहासाचे साधन म्हणून वापरताना कोणती काळजी घ्याल?
३. आपल्या गावातील एखाद्या व्यवसायाची मूर्ती करायची झाल्यास वस्त्रावर कोणत्या खुणा दाखवाल आणि का?