वाण-पर्यावरण आंतरक्रिया

एकाच पिकाच्या वाणांची उत्पादनातील क्रमवारी जमीन, पाऊस व तापमान यांनुसार बदलते, या बदलाला वाण-पर्यावरण आंतरक्रिया म्हणतात. ती बहुस्थानीय, बहुवर्षीय चाचण्यांतून मोजतात. नुसती सरासरी येथे फसवी ठरते. उदाहरणार्थ, रब्बी ज्वारी मुख्यतः जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते, त्यामुळे मातीची खोली निर्णायक असते. म्हणूनच राहुरीचे कृषी विद्यापीठ हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यमसाठी फुले सुचित्रा, तर भारीसाठी फुले वसुधा सुचवते. मोहोळची जुनी मालदांडी ३५-१ मात्र आजही शेतकऱ्यांच्या पसंतीची आहे. फळपिकांतही असेच दिसते: अमेरिकेत एक्सेलसियरजवळच्या मिनेसोटा विद्यापीठाच्या फळबाग केंद्रातून १९९१ मध्ये प्रसारित झालेले ‘हनीक्रिस्प’ सफरचंद कडाक्याच्या थंडीत तग धरते. उष्ण प्रदेशात त्याला रंग नीट चढत नाही.